पायऱ्यांचं गाणं

"हे नाही. पायऱ्या," ठमी म्हणाली आणि आईच्या मांडीवरून सरळ खाली उतरली.

आईचं गाणं अर्ध्यावर राहिलं. सुट्टीची दुपार. गळा बसलेला असूनही तिनं जीव एकवटून दुसरं कडवं उचललं होतं. ठमीनं उशी काखोटीला मारली आणि ती आतल्या खोलीत आत्याकडे गेली. दार लोटलं गेलं. आतून नणंदेची गुणगुण येत राहिली. पंख्याच्या घरघरीत शब्द काही लागत नव्हते. मग तीही थांबली. पोरगी झोपली होती.

आई मांडी तशीच घालून बसून राहिली. आपल्याच घरात आपण पाहुण्या आहोत आणि यजमानीण आत झोपली आहे, असं काहीतरी तिला वाटलं.

ती गाईड होती. नदीच्या खोऱ्यातली जुनी देवळं, पडक्या वेशी, मोडके महाल लोकांना दाखवायची. घाटावरून खाली उतरायचं, मग बिनकळसाचं देऊळ, मग मातीत अर्धी गाडली गेलेली वेस, आणि शेवटी होडीनं पलीकडच्या महालाचे अवशेष. वेशीपाशी ती न चुकता थांबायची. बाटली काढून सावकाश पाणी प्यायची, तोवर लोकांनी वर कोरलेले हत्ती बघून घ्यायचे. वाऱ्यात, उन्हात, पन्नास माणसांच्या घोळक्याला ऐकू जाईल असं बोलायचं म्हणजे संध्याकाळी घशाचं भरीत. म्हणून तिथले सगळेच गाईड घरी गेले की गळा राखायचे. मिठाच्या गुळण्या आणि खुणांची भाषा. नवरा म्हणायचा, "दगडांशी दिवसभर गप्पा, आणि आम्हाला नुसतं बोट." पूर्वी तिला याचं हसू यायचं. आताशा येईनासं झालं होतं.

ठमी अंगावर पीत होती तेव्हा नणंद मदतीला येऊन राहिली. रोज दुपारी बाळाला दुपट्यात गुंडाळून ती देवळात घेऊन यायची, आणि आईचं बोलणं संपेपर्यंत खांबाच्या सावलीत मुकाट बसून राहायची, मग घोळक्यामागून वेशीपर्यंत यायची. तेव्हा नणंद म्हणजे देवमाणूस वाटली होती.

आता तीच डोळ्यात खुपायची. ठमीच्या केसांना नणंदेच्या तेलाचा वास यायचा. नवा फ्रॉक आईनं आणायचा आणि गिरकी घेऊन दाखवायचा आत्याला. परवा ताप चढला तेव्हा पोरगी झोपेत "आत्या" म्हणून कण्हली. आई उशाशी होती. तिनं कपाळावरची पट्टी बदलली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

आणि हे पायऱ्यांचं गाणं. तिनं एकदा न राहवून विचारलंच. नणंद कानापर्यंत लाल झाली.

"काही नाही गं वहिनी. येडेपणा आहे नुसता. तू हसशील."

हसशील. म्हणजे आता या घरात दोघींची एक गुपितांची पेटी होती आणि तिची किल्ली आईकडे नव्हती.

त्या सुट्टीच्या दुसऱ्याच दिवशी तिनं तिकीटखिडकीमागच्या पाळणाघरात चौकशी केली. जागा होती. नवऱ्याला तिनं सांगितलं नाही. त्यानं बहिणीची बाजू घेतली असती. नणंदेला काय म्हणायचं ते वाक्य मात्र तिनं घोटून घोटून गुळगुळीत केलं. तू आमच्यासाठी खूप केलंस, आता तुझंही आयुष्य आहे, उद्यापासून ठमी पाळणाघरात जाईल. कुठेही टोक लागायला नको आणि घाव मात्र बसायला हवा, असं.

त्या दिवशी नदीला पाणी चढलं. होडीवाल्यानं लांबूनच दोन्ही हात हलवले. महाल रद्द झाला, लोक कुरकुरत वेशीपासूनच परतले. ती भर दुपारी घरी निघाली. वाटेत तिनं ते वाक्य आणखी दोनदा म्हणून पाहिलं. बरं होतं. पोरगी झोपलेली असेल, म्हणजे रडारड नाही.

तिनं चपला बाहेरच काढल्या. वीज गेली होती, पंखा बंद. आतल्या खोलीचं दार किलकिलं होतं आणि नणंदेचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. पण हा काही नणंदेचा नेहमीचा आवाज नव्हता. खालच्या पट्टीतला, तरी चारचौघांना उद्देशून बोलावा तसा.

"सांभाळून उतरा हं. पायऱ्यांना शेवाळ आहे, आणि माझ्याकडे औषधाची पेटी नाही."

आईचा हात दारावरच राहिला.

"या देवळाला कळस नाही. कळस घडवायला घेतला आणि राजाच गेला. पण संध्याकाळी इथं उभे राहिलात, तर सूर्य बरोब्बर शिखरावर येऊन टेकतो. म्हणून आम्ही म्हणतो, या देवळावर रोज नवा कळस चढतो. दगडाला हात लावू नका, दादा. त्याचं वय झालंय."

तो लांबवलेला "हं" तिचा होता. "बरोब्बर" तिचं होतं. ते दादासुद्धा तिचेच, प्रत्येक घोळक्यात एक असतातच. खांबाच्या सावलीत मुकाट बसणारी ती मुलगी, मांडीवर रडणारं बाळ, आणि देवळात घुमणारा एक आवाज, तिला सगळं दिसलं. पाठ केलेलं वाक्य कुठं गेलं कुणास ठाऊक.

"आता पुढं वेस. वरचे हत्ती बघून घ्या."

नणंद थांबली. जराशानं तिनं पुढचं सुरू केलं, "ही वेस बांधली तेव्हा नदी—"

"थांब ना आत्या," ठमी पेंगुळल्या आवाजात म्हणाली. "आई अजून पाणी पितेय."