कात्री आणि कप्तान

शालिग्रामाने कात्री उचलली आणि भाऊसिंगाला मस्तकासह चित्रफितीतून कापून टाकले.

वाशीमच्या शाळेचा हुतूतू संघ आदल्या वर्षी अजिंक्य ठरला होता. त्या पराक्रमाचे स्मारक म्हणून मुख्याध्यापकांनी सिनेमाचा कॅमेरा मागवून घेतला. तो चालविण्याचे कार्य शालिग्रामाकडे आले, कारण खेळण्याजोगा त्याचा गुडघा उरला नव्हता. तो गुडघा सरावात कप्तान भाऊसिंगानेच मोडला होता. त्याने क्षमायाचना केली नाहीच, उलट सर्वांसमक्ष तो म्हणाला होता, "लंगड्या, आता तू बसून पाह्य. तुले तेच जमते."

म्हणून शालिग्राम वर्षभर बसून पाहत राहिला. मेडशी, धनज, कारंजा, प्रत्येक मैदानाच्या कडेला कॅमेऱ्यास चावी देत राहिला. मुंबईहून फीत धुऊन आली, तेव्हा त्याच्या प्रतिशोधाचा मुहूर्त उगवला.

तो एकेक हात फीत खिडकीच्या उजेडात धरी. भाऊसिंग कपाळाला काळा पट्टा बांधत असे. पट्टा दिसला की कात्री चाले. मग उरलेली टोके पात्याने खरवडून तो एकमेकांस चिकटवी आणि कापलेले तुकडे चुलीत घाली. ही फीत शाळेच्या कपाटात कायमची राहणार होती. भाऊसिंग नावाचा मनुष्य या भूतलावर कधी खेळला होता, हे पुढील पिढ्यांस कळू नये, एवढीच त्याची प्रतिज्ञा होती.

रविवारी दुपारी कापसाच्या जिनाच्या गोदामाची दारे लावून घेतली. भिंतीवर पांढरे धोतर ताणले. रुईच्या गठ्ठ्यांवर अवघे गाव बसले. पहिल्या गठ्ठ्यावर भाऊसिंग. यंत्र घरघरू लागले.

पडद्यावर मेडशीचे नऊ गडी उभे होते. समोर कोणीच नव्हते. तरी ते बिचकले. मागे सरले. एकाने डोळे गच्च मिटले. दोघे एकमेकांवर आदळले. नंतर धनजचा धिप्पाड गडी दिसला. तो रेषा सोडून मैदानाबाहेरच पळाला.

मग प्रत्येक सामन्यात भुईमुगाच्या शेंगा विकणारी तुळसाबाई ओरडली, "पळा रे पळा! भाऊसिंग आला!"

हास्याचा कल्लोळ उसळला. मुक्या चित्रास गावाने कंठ दिला. "हुतूतू, हुतूतू, हुतूतू!" जिथे जिथे कात्री चालली होती, तिथे तिथे तो गजर अधिकच वाढला.

दारे उघडली. भाऊसिंग उठून शालिग्रामाकडे आला. त्याने त्याच्या मोडक्या गुडघ्यावर थाप मारली.

"लंगड्या, मले काढलं, अन् मले पाहून पळनारे तेवढे ठेवले! अबे, माह्या मायनं बी माही इतकी तारीफ नाई केली."