चौदा नंबरचा खर्ज

"हे किती वेळ चालणार?" चर्चच्या दारात उभ्या गोऱ्या माणसाने विचारलं आणि टेबलावरच्या कपबश्या किणकिणल्या.

मसिनाने हात वर केला. स्तोत्र अर्ध्यात थांबलं. सात बायका आणि एकटा पेसामिनो, एवढाच तिचा गायनवृंद. सगळे दाराकडे बघू लागले.

"परत म्हणा," मसिना म्हणाली.

"मी म्हटलं, हे किती वेळ चालणार? मी समोरच राहतो. दर गुरुवारी तुमचं..."

"तेवढं पहिलंच. सावकाश. आणि पोटातून."

माणूस गोंधळला. त्याचं नाव अलिस्टर. पायात धावायचे महागडे बूट, हातात कुत्र्याची दोरी. दोरीला कुत्रा नव्हता. तो गाणं ऐकून आधीच घरी गेला होता.

मसिनाला कुत्र्याशी कर्तव्य नव्हतं. रविवारी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मांगेरेहून मंडळीतले वडीलजन गाणं ऐकायला येणार होते. ग्रे लिनच्या वस्तीत आता बेटांवरून आलेले आपले सामोअन उरलेत किती आणि गाणार कोण, असं त्यांचं म्हणणं. गाणं पातळ निघालं तर चर्चला कुलूप लावायचं आणि इमारत विकून टाकायची, हेही ठरलेलं. आणि मसिनाकडे खर्जाचा आवाजच नव्हता. होता तो तुलियाऊचा. मालकाने घर विकलं तसा तोही बिऱ्हाड उचलून मांगेरेला गेला. खर्जाविना सामोअन स्तोत्र म्हणजे पाय नसलेलं टेबल.

"समोर म्हणजे कुठल्या घरात?" म्हाताऱ्या लागीने विचारलं.

"चौदा नंबर."

"अगं बाई, तुलियाऊचं घर! अकरा माणसं राहायची तिथे. तुम्ही किती?"

"दोघं. आणि कुत्रा. त्याला वेगळी खोली आहे."

"असू दे," लागी मसिनाला म्हणाली. "खर्ज भिंतीतच राहिलाय बघ. सामानाच्या ट्रकात मावला नसणार."

पेसामिनो कुजबुजला, "मावशी, पण हा गोरा आहे."

"वडीलजन डोळे मिटून ऐकतात," मसिना म्हणाली.

"हे बघा," अलिस्टर म्हणाला, "मला देवबीव पटत नाही."

"तुलियाऊलाही पटत नव्हता. जन्मभर गायला."

"मला तुमची भाषा येत नाही."

"शब्द शनिवारी शिकवते. आज तुम्ही घरून आणलेत तेच चालतील."

अलिस्टरने दाराकडे पाहिलं. दारात तीन भरभक्कम बायका उभ्या होत्या. त्या तिथे केव्हा गेल्या, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

"शाळेत मला नुसते ओठ हलवायला सांगायचे," तो हळूच म्हणाला. कपबश्या पुन्हा किणकिणल्या.

"शाळा गोऱ्यांची?"

"हो."

"मग बरोबर," मसिना म्हणाली आणि त्याला दंडाला धरून मागच्या रांगेत नेलं. सूर दिला. हात उचलला.

बायकांनी देवाची स्तुती सुरू केली. नेहमीसारखीच, पातळ. मग तिच्याखाली जमीन येऊन लागली. "हेऽऽ कितीऽऽ वेऽऽळ चालणाऽऽर," अलिस्टर गात होता. लाजत, भिंतीकडे बघत, पण सुरात. खिडकीची तावदानं झणझणली. लागीने डोळे मिटून मान डोलावली. तिलाही बरेच दिवस देवाला नेमकं हेच विचारायचं होतं.

मसिनाचा हात थांबेना. स्तोत्र संपलं तरी तिने ते पहिल्यापासून पुन्हा घ्यायला लावलं.

दुसऱ्या कडव्यात लागी रांग सोडून मागे गेली. गाता गाताच तिने पिशवीतून शिंप्याची फीत काढली आणि अलिस्टरच्या कमरेभोवती गुंडाळली. रविवारी सगळे पुरुष पांढऱ्या लुंगीत असतात.

अलिस्टरने पोट आत ओढलं.

"सोडा, सोडा," लागी म्हणाली. "चार बोटं सैलच शिवते. रविवारी जेवण आहे."