चवीचा चमचा

तिसऱ्या चमच्याला बायको खोकली. आचाऱ्यानं वाटी खाली ठेवली, तिला पुढं वाकवून धरलं आणि खोकला थांबेपर्यंत थेरपिस्टबाईंच्या नजरेला नजर दिली नाही.

पक्षाघातानं बायकोची उजवी बाजू गेली होती, निम्मी वाचा गेली होती आणि घसाही लुळा पडला होता. पातळ काही दिलं की ते पोटाऐवजी छातीत उतरायचं. म्हणून पाण्यापासून सुपापर्यंत सगळं पावडर घालून दाट करायचं, असं दवाखान्यानं लिहून दिलं होतं. तरीही दोन महिन्यांत दोनदा तिच्या छातीत कफ साठला. पुन्हा असं झालं तर पोटात नळी घालू, तोंडानं खाणं बंद, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. ते ऐकून आचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिला गिळायचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टबाई आज त्यासाठीच मुद्दाम घरी आल्या होत्या. पाणी कुठं मुरतंय ते त्यांना शोधायचं होतं.

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आचाऱ्यानं एकतीस वर्षं सातशे माणसांना जेवू घातलं होतं. माप चुकतंय असं कुणी नुसतं सुचवलं तरी त्याच्या नाकाला मिरच्या झोंबत. कपाला दोन चमचे पावडर, तेही सपाट, बोटानं कड पुसून, असं त्यानं बाईंना ऐकवलं. बाई म्हणाल्या, मी यायच्या आधीच तुम्ही सूप करून ठेवलं होतं, आता माझ्यासमोर करा.

पातेल्यात गाजराचं सूप उरलं होतं. त्यानं कपभर मोजून वाटीत ओतलं, पावडर घातली, गुठळी होऊ न देता ढवळलं. बाईंनी चमचाभर घेऊन चमचा तिरका केला. सूप ओघळलं नाही, गोळ्यासारखं एकदम पडलं. अगदी हवं तसं. आचाऱ्याची मान जरा ताठ झाली.

मग त्यानं सदऱ्याच्या खिशातून लांब दांड्याचा एक चमचा काढला. दुसरे लोक खिशाला पेन लावतात तसा हा त्याच्या खिशाला असे. त्यानं सूप चाखलं, चिमूटभर मीठ टाकलं, त्याच चमच्यानं ढवळलं आणि वाटीवर झाकण ठेवलं. दहा मिनिटं मुरू द्यायचं, मगच वाढायचं.

"हे रोज करता, काका?"

"चव न बघता माझ्या हातून आजवर एक पान वाढलं गेलेलं नाही, बाई."

बाईंनी आणखी एक वाटी करायला लावली. तेच सूप, तीच पावडर, फक्त चाखायचं नाही आणि वरून मीठ नाही. दुसऱ्या वाटीवरही झाकण पडलं. हे शाळेतल्या पोरांचे खेळ आहेत असं आचाऱ्याला वाटत होतं, पण बायको दोन्ही झाकणांकडं टक लावून बघत होती, म्हणून तोही बसून राहिला.

दहा मिनिटांनी बाईंनी चमचे तिरके केले. न चाखलेलं सूप मघासारखंच गोळ्यानं पडलं. चाखलेलं सूप धार लागून पाण्यासारखं गेलं.

आचाऱ्यानं स्वतः करून बघितलं. पुन्हा एकदा बघितलं. पावडर दोन्हीकडं सारखीच होती, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

ही पावडर पिठाची असते, बाईंनी सांगितलं. पीठ पचायला सुरुवात लाळेपासूनच होते. चाखलेल्या चमच्याला लागलेली लाळही पुरते, आणि झाकण ठेवलं की तिला सावकाश काम करायला वेळच मिळतो.

"म्हणजे मीच," आचारी म्हणाला. दोन महिने तो ज्या हातानं तिला भरवत होता, त्याच हाताकडं तो बघत राहिला.

आमच्या कागदावर हे लिहिलेलं नव्हतं, ती चूक आमची, असं बाई म्हणाल्या. आजच डॉक्टरांशी बोलून नळीचं लांबणीवर टाकायला सांगते, असंही म्हणाल्या. चव जरूर बघा. मात्र पावडर घालायच्या आधी, आणि तो चमचा पुन्हा वाटीत नको. वहिनींच्या तोंडातला चमचाही वाटीत परत जायला नको, म्हणून त्यांना भरवतानाही थोडं थोडं बशीत वेगळं काढून घेत जा.

आचारी उठला. त्यानं आपला चमचा साबणानं तीनदा धुतला. न चाखलेल्या वाटीतलं थोडं सूप बशीत काढलं, चमचा भरला आणि सवयीनं स्वतःच्या तोंडाकडं नेला. तेवढ्यात बायकोनं डावा हात पुढं करून त्याचं मनगट धरलं. आजारपणात त्यानं तिला एक घास स्वतःच्या हातानं घेऊ दिला नव्हता. आज त्यानं चमचा सोडला.

थोडं सूप तिच्या हनुवटीवर सांडलं. बाई तिच्या गळ्याकडं बघत होत्या. घोट खाली उतरला. खोकला आला नाही.

"खारट," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी मीठ निम्मं करा म्हटल्यापासून आचाऱ्यानं ते निम्मं केलं होतं, निदान पातेल्यात टाकताना तरी. आणि या वाटीत तर वरची चिमूटही नव्हती.

"आज?" त्यानं विचारलं.

शब्द जुळवायला तिला वेळ लागला. बाईंनी मध्ये मदत केली नाही, आचाऱ्यालाही करू दिली नाही.

"ने... नेहमी."

बाईंनी वहीत मान घातली. आचाऱ्यानं चमचा धुऊन पुसला, खिशापर्यंत नेला, आणि तिच्या डाव्या हाताशी ठेवून दिला.