खालच्या अंगाचा भुईमूग

पाठीमागे चपलांचा आवाज आला तशी छबुबाईनं लुगड्याचा ओटा आवळून धरला.

"काय वेचायलीस?" तिच्या नवऱ्यानं, सुंदररावांनी, बांधावरून विचारलं.

"तण," ती म्हणाली. वर बघितलं नाही.

ओट्यात तण नव्हतं. भुईमुगाची पानं होती. पानापानावर काळपट गोल ठिपके, ठिपक्यांभोवती पिवळी कडा. दहा दिवस झाले, ती रोज सकाळी नवऱ्याच्या आधी वावरात यायची, उताराकडच्या, खालच्या अंगाच्या तासांतून, पिकाच्या ओळींतून, अशी पानं खुडायची आणि घरी जाऊन चुलीत घालायची. आधी दोनच तासांत होते ठिपके. आज सात तासांत. काही झाडांना नुसती शेंड्याची चार पानं उरली होती.

पिकावर टिक्का रोग पडलाय म्हणून सांगितलं की सुंदरराव पंप पाठीला लावणार, हे तिला ठाऊक होतं. गेल्या साली कपाशी फवारता फवारता ते पंपासकट सरीत कोसळले होते. तोंडाला फेस, डोळे फिरलेले. अंबाजोगाईच्या दवाखान्यात अकरा दिवस ती त्यांच्या छातीकडे बघत बसली होती, वर-खाली होतीय का ते.

सुंदरराव तासात उतरले. तिच्या शेजारी वाकून त्यांनी एक झाड धरलं आणि उपटलं. झाड अलगद हातात आलं. मुळाशी शेंगा धरणाऱ्या आऱ्या तुटून लोंबत होत्या; शेंगा मातीतच राहिल्या. त्यांनी बोटानं माती उकरून एक शेंग काढली, फोडली. दाणा सुरकुतून गव्हाएवढा झाला होता.

"टिक्का हाय," ते म्हणाले. "किती दिस झालं तुला दिसून?"

"धा. तुमी फवारू नगा. जाऊ द्या हे खालचं अंग. समदंच जाऊ द्या."

ते वळले आणि बांधावरच्या पत्र्याच्या शेडाकडे निघाले. पंप तिथंच होता. छबुबाई धावतच मागे गेली, दारात आडवं व्हायचं असं ठरवून.

पण सुंदररावांनी पंपाला हात लावला नव्हता. ते खताची रिकामी पोती बाजूला सारत होते. पोत्यांच्या मागून त्यांनी औषधाचा एक पुडा काढला. न फोडलेला.

"हे कवा आणलं?"

"उमापूरच्या बाजारातून. दोन बाजार झालं." ते पोत्यांवर बसले. "मला तुझ्या आदी दिसलंतं. रोज येतो हितं. पंपाला हात लावला की पाय लटपटायलेत. औषध कालवायच्या आदीच. सांगू कुणाला?"

पुडा त्यांनी दोन्ही हातांत धरला होता.

छबुबाईनं ओटा सोडला. पानं जमिनीवर सांडली.

"पाण्यात किती घालायचं ते सांगा."

"तू न्हाई."

"वरचं अंग हिरवं हाय अजून, तेवढं वाचंल. सांगा."

त्यांनी स्वतःच तिच्या नाकातोंडावर दुपट्टा बांधला, दोनदा गाठ ओढून बघितली. हातांना प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळल्या. तिनं औषध कालवून पंप पाठीला लावला. मूठभर माती उडवून त्यांनी वारा कुठला ते पाहिलं आणि तिला वाऱ्याकडं पाठ करून उभी केली. "मी हाक मारीन. ओ देत जाय," म्हणाले.

पहिल्या तासाच्या टोकाला हाक आली, "छबे?"

"हाय."

दुसऱ्या तासाला, "छबे?"

"हाय."

पाचव्या तासात, अगदी मध्यावर, पंपाचं नोझल तुंबलं. ते काढून फुंकायचं नाही, काडीनं मोकळं करायचं, एवढं तिला माहीत होतं. काडी शोधायला ती खाली बसली.

"छबे!"

"हाय," ती म्हणाली. खाली वाकल्यामुळं दुपट्ट्यातला शब्द बांधापर्यंत पोचला नाही.

"छबे!"

तिनं हात वर केला. तोवर सुंदररावांनी बांध सोडला होता. हिरव्यागार वरच्या अंगातून, तासं न बघता, वेल तुडवत, चपला मागे टाकून ते तिच्याकडे पळत येत होते.