तिसरा पुकारा

"काठी तिकडे ठेव," कोर्टातले पेशकार मधुसूदनराव म्हणाले. "आजपासून नुसतं नाव. तीन वेळा. नावाखेरीज एक शब्द नाही, साहेबांचा हुकूम आहे."

बळवंतनं लोखंडी शेंबीची काठी कचेरीच्या दाराशी भिंतीला टेकवली. भांडला नाही. भांडायला अंगात दम तरी कुठे होता! महिन्यापूर्वी इथली राजधानी भोपाळला गेली. पाठोपाठ जबलपूरकडचे नवे मुन्सिफसाहेब आले, नवे नियम आले, आणि जुन्या रियासतीच्या चपराश्यांपैकी कुणाकुणाला कायम करायचं त्याची यादीही आली. ती साहेबांच्या टेबलावर पडली होती.

"सात नंबरला नाव आहे तुझं," मधुसूदनराव आवाज खाली आणून म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "संध्याकाळी सही होते. नुसतं नाव घेतलंस तर तुझं काय झिजतं रे? एक दिवस गप बस की बाबा."

"बारा वर्षं दरबारात चोपदार होतो, मधुसूदनराव. दुसऱ्यानं लिहिलेली बिरुदं ओरडलो. कानामात्रा बदलायची सोय नव्हती. इथं आलो, पहिल्यांदा पदरचे दोन शब्द घातले, तर समोरचा फाटका माणूस ताठ उभा राहिला. तेव्हापासून चटक लागली." बळवंतनं पंच्यानं तोंड पुसलं. "पण जाऊ द्या. थकलो आता. नुसतं नाव तर नुसतं नाव."

खरंच थकला होता हो. काय सोपं होतं का ते? रोज यादी बघायची, पक्षकाराला गाव विचारायचं, घरचं दोन शब्दांत विचारायचं, आणि उभ्या उभ्या काठीच्या ठेक्यावर हाकेच्या ओळी जुळवायच्या. अर्धं मराठी, अर्धं हिंदी. ना गाणं, ना भाषण. वर आजची हाक उद्या नाही, हा त्याचा हट्ट. बाड्याच्या चौकातले रिकामटेकडे खास ऐकायला येऊन बसत. कुणी म्हणे, वा भई वा! कुणी म्हणे, हे काय खूळ, सुरात म्हण नाहीतर गप बस. त्यानं दोघांचंही ऐकलं नाही.

आवारातल्या बाकावर वनमालाबाई बसल्या होत्या. फूलबागेतल्या दोन खोल्यांचा त्यांचा दावा सहा वर्षं चालला होता. डोळ्यांत मोतीबिंदू, कानही जड झालेले. आवारात तीन कचेऱ्या, तिन्हीकडचे पुकारे एकात एक मिसळायचे. बाई बळवंतच्या काठीच्या ठोक्याकडे लक्ष ठेवून असत. ठोका पडला की सावध होत. दर पेशीला, दर तारखेला, बळवंत आधी जवळ जाई, आणि त्या विचारत, "बळवंता, आज माझ्यासाठी नवीन काय रे?" आज तो समोरून गेला, पण बोलला नाही. कोणत्या तोंडानं बोलणार?

"वनमालाबाई हाजिर हो!"

बाई हलल्या नाहीत. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा गडी पेंगत होता, त्यानं तेवढा एक डोळा उघडला.

"वनमालाबाई हाजिर हो!"

बाईंनी शाल सारखी केली. बस्स.

तिसऱ्या पुकाऱ्याला उठल्या नाहीत की दावा खारीज. सहा वर्षं पाण्यात. बळवंतनं हातानं खुणावलं, पण दिसणार कुणाला? आत साहेबांनी टाक दौतीत बुडवला. "काकू, उठा," एवढं म्हटलं तरी हुकूम मोडणारच होता. मग मोडायचाच तर असा चोरासारखा कशाला मोडायचा?

त्यानं काठी उचलली. फरशीवर ठोका पडला. ठक. ठक-ठक. ठक.

"वनमालाबाई, फूलबागेच्या बाई,
सहा वर्षं पेशी, एक चुकली नाही!
उन्हात उभ्या, थंडीत उभ्या, मान वाकली नाही,
सरको भई सरको, हाजिर हो रही हैं बाई!"

पहिल्याच ठोक्याला बाई उठल्या होत्या. बळवंतनं पुढे होऊन हात दिला. पायरी चढताना त्या म्हणाल्या, "इथेच आहेस होय! मघापासून कुणीतरी ओरडत होतं. मी म्हटलं, बळवंत गेला वाटतं भोपाळला."

बळवंतनं त्यांना दाराच्या आत सोडलं.

आतून साहेबांचा आवाज चढला. मग खुर्ची सरकली, मग शांत झालं. मधुसूदनराव बाहेर आले ते मान खाली घालूनच.

"सात नंबर खोडला," ते म्हणाले. "लाल शाईनं. महिनाअखेर मोकळा तू." आणि मग चिडूनच म्हणाले, "काय मिळवलंस? सांग ना, काय मिळवलंस?"

बळवंत उंबऱ्याशी टेकून उभा राहिला. पाय भरून आले होते. घरी जाऊन निजावं, आठवडाभर कुणाशी बोलू नये, असं वाटत होतं.

"पुढचं नाव घे," मधुसूदनराव म्हणाले. "दौलतसिंह. नुसतं."

बाकावरचा म्हातारा उठून उभा राहिला होता. कपड्यांवरची धूळ झटकून झाली होती. आता तो डोक्यावरचा फेटा सोडून पुन्हा नीट बांधत होता, एकेक पेच दाबून, हाक यायच्या आत व्हावा म्हणून घाईघाईनं.

बळवंत त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली.

"दाऊ," त्यानं विचारलं, "गाँव कौन-सा?"