आईसाठी आवाज

यंत्राने तिसऱ्यांदाही तेच केलं. माऊने कळफलकावर "मला चहा हवा" असं लिहिलं आणि खोक्यातून आईचा आवाज आला. खणखणीत, एकेक शब्द सुटा. बस लागल्याची वर्दी द्यावी तसा.

"चहा फलाटावर येतोय बहुतेक," गणितवाला म्हणाला.

माऊला हसू आलं नाही. सादरीकरण तोंडावर आलं होतं आणि यंत्राला अजून साधं बोलता येत नव्हतं.

विद्यापीठाच्या जुन्या व्यायामशाळेत हल्ली उद्योजकता केंद्र भरायचं. कुठल्याही शाखेच्या मुलांनी कल्पना घेऊन यावं आणि वर्षभरात तिचा धंदा उभा करावा. माऊ वनस्पतिशास्त्राची, तिचा जोडीदार गणिताचा. चढायच्या दोरखंडांखाली त्यांचं टेबल होतं.

माऊची आई बसस्थानकावर घोषणा करायची. घशातली गाठ काढली आणि तिचा आवाज गेला तो गेलाच. "स्वरतंतू शाबूत आहेत, आवाज यायला हवा," डॉक्टर म्हणाले होते. "कधीकधी माणूस आतून घाबरतो. धीर धरा." धीर धरून दोन वर्षं होत आली. मग माऊने स्थानकातून तिच्या जुन्या घोषणा मिळवल्या आणि गणितवाल्याने त्यांतून आईचा आवाज जुळवायला घेतला.

केंद्रातल्या मार्गदर्शक बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "तुमचं गिऱ्हाईक कोण?"

"माझी आई."

"एक आई म्हणजे बाजार नव्हे गं." पण पुढे खोक्यातला आवाज ऐकल्यावर त्यांनी तो पुन्हा ऐकवायला सांगितला. जाताना म्हणाल्या, "आईंनाच मंचावर आण. त्या यातून एक वाक्य बोलल्या तरी सभागृह तुमचं."

सादरीकरणात ज्यांची निवड होईल त्यांनाच केंद्र पुढे ठेवून घेणार होतं. बाकीच्यांनी टेबल रिकामं करायचं.

अडचण आईची होती. ती यंत्राला हातच लावेना. माऊ खोकं समोर ठेवायची, आई त्यावर फडकं मारून बाजूला सरकवायची. फारच मागे लागलं की पाटीवर लिहायची, "कशाला एवढी धडपड? मी बरी आहे."

"ती खचलीय, बाबा," माऊ एकदा जेवताना म्हणाली. "तिला आपलं ओझं वाटतंय."

बाबांनी आईच्या ताटात भाजी वाढली. दोन वर्षांत ते खूप बदलले होते. त्याआधी या घरात माऊ परीक्षेचा अभ्यास न्हाणीघरात कडी लावून करायची. बाबांचा आवाज चढला की आईचा त्याच्यावर चढायचा, मग काहीतरी फुटायचं, आणि दुसऱ्या दिवशी आई लांब बाह्यांचा ब्लाउज घालून कामावर जायची. आता सकाळचा चहा बाबा टाकायचे. आईचे पाय दुखले तर तेल लावून द्यायचे. "उत्तरच येत नाही, तर भांडायचं कुणाशी?" असं स्वतःच म्हणून हसायचे.

"खचू देणार नाही मी तिला," बाबा म्हणाले. "मला माझी पूर्वीची बायको परत हवी आहे."

माऊला भरून आलं. आईने ताट तसंच ठेवलं आणि हात धुवायला उठली.

शेवटी माऊ तिच्या पाया पडायची तेवढी राहिली. "एकच वाक्य, आई. माझ्यासाठी. वर्ष घातलंय गं मी यात." आई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग तिने होकारार्थी मान हलवली.

सादरीकरणाला सभागृह भरलं होतं. मंचावर टेबल, टेबलावर खोकं, खोक्यामागे आई. पहिल्या रांगेत बाबा नवा सदरा घालून बसले होते. माऊने घोकलेलं सगळं न अडखळता सांगितलं. यंत्रातला घोषणेचा सूरही गणितवाल्याने बराच खाली आणला होता.

"आणि आता," माऊ म्हणाली, "दोन वर्षांनंतर माझी आई तुमच्याशी बोलेल."

टाळ्या झाल्या. सगळ्यांत मोठ्याने बाबांनी वाजवल्या.

आईने बोटं कळफलकावर ठेवली. ती हलेनात. तिची नजर पहिल्या रांगेवर खिळली होती. माऊने वाकून कुजबुजत सांगितलं, "नमस्कार एवढंच लिही." पण एकही कळ दाबली जाईना. कुणीतरी खोकलं. मागच्या रांगेत हसण्याची खसखस पिकली. गणितवाला उगाचच वायरी तपासत राहिला. मग बाई उठून आल्या आणि त्यांनी मऊ आवाजात पुढच्या गटाला बोलावलं.

निकालात त्यांचं नाव नव्हतं. "पुढच्या वर्षी बघू," बाई म्हणाल्या. माऊचं हे शेवटचंच वर्ष होतं.

बाबा गाडी काढायला गेले. जाताना आईच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "घाबरलीस ना? होतं असं. आपण घरी रोज सराव करू. तुला बोलती केल्याशिवाय मी सोडणार नाही."

मंचामागच्या खुर्च्या रचलेल्या खोलीत त्या दोघीच उरल्या. माऊ खोकं मांडीवर घेऊन जमिनीवर बसली आणि तिचा बांध फुटला.

"मला तुझ्यासाठी काहीच करता आलं नाही, आई. तुझं तोंड बघत बसण्यापलीकडे काहीच नाही. तुला काय होतंय तेसुद्धा कळत नाही मला."

आई तिच्याजवळ बसली. तिचे डोळे पुसले, केस मागे सारले. माऊचं रडणं थांबेना. आईने दाराकडे पाहिलं. मग उठून तिने दार लावलं, कडी घातली आणि परत येऊन लेकीचं डोकं छातीशी धरलं.

"रडू नकोस गं," आई म्हणाली. "आणि बाबांना सांगू नकोस."