सत्तर फुटांखालचा पाऊस

विहिरीच्या तळाशी लतीफने हातातली पहार खाली ठेवली आणि चपला काढल्या. तीस वर्षं वाटूरच्या शिवारात विहिरी खोदलेला माणूस, पण आज त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्याने मालकीणबाईंना, नंदाबाईंना, निरोप धाडला, तुम्हीच येऊन बघा. त्या लेकीला घेऊन क्रेनच्या बादलीतून सत्तर फूट खाली उतरल्या.

काळ्या कातळाची शेवटची चीप निघाली होती. खाली भाजलेल्या विटेसारखी लाल जमीन आणि तिच्यावर बारीक बारीक खळगे. टपोरे थेंब पडून गेल्यावर अंगणात उमटतात तसे, अगदी ताजे. नंदाबाईंनी एका खळग्यात बोट टेकवलं. ते बरोबर मावलं, तसं त्यांनी ते चटकन मागे घेतलं.

"हे कुनाचं तरी अंगन हाये बाई," लतीफ म्हणाला. "मी न्हाई फोडनार."

वर तीनशे मोसंब्या माना टाकून उभ्या होत्या. पाणी असलंच तर या लाल थराखाली. आठ दिवसांत लागलं नाही तर बारा वर्षांची बाग सरपणाला जाणार. नंदाबाईंनी लेकीकडे, आकांक्षाकडे, पाहिलं. पोरगी संभाजीनगरला भूगर्भशास्त्र शिकते, तिने तरी लतीफची समजूत काढावी.

तिने काढली. कोट्यवधी वर्षांपूर्वी पार खोलातून तापलेला खडक वर चढला, तव्यावरच्या भाकरीसारखी सारी जमीन फुगली, चिरली आणि आग वाहिली. ती निवली, तिची माती झाली, त्या मातीवर पाऊस पडला. हे त्याच पावसाचे ठसे. मग पुन्हा आग, असे थरावर थर. चाचा, माणूसच नव्हता तेव्हा, अंगण कुणाचं असणार? आणि आता भीतीही नको. ती धग तिकडे दूर समुद्राखाली राहिली, आपली जमीनच तिच्यावरून सरकत इकडे आली.

लतीफ ठशांपाशी उकिडवा बसला.

"जमीन सरकून राह्यली म्हंतीस, बेटा," तो हळूच म्हणाला. "मंग आता आपन कशावर आलाव?"

आकांक्षाने पायाखाली पाहिलं. विहिरीत श्वास तेवढे ऐकू येत होते. ते तिघांचेच असावेत, असं नंदाबाईंनी स्वतःला सांगितलं.

"सुरुंगाचे टोटे भरा, लतीफभाई," त्या म्हणाल्या. आवाज कुजबुजल्यासारखा निघाला. घरात कुणी निजलेलं असावं तशा आपण केव्हाच्या चवड्यांवर उभ्या आहोत, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.